मुलगा आणि सून परदेशी सेवेला निघाले आहेत. मी त्यांना अडवावे का?

प्रश्न : मी वानवडीत राहते. वय 66 असून शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आहे. माझे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यांना मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. आम्हाला एकच मुलगा. तो 36 वर्षांचा असून हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, सून प्राथमिक शिक्षिका आहे, नातू 11 वर्षांचा आणि नात 5 वर्षांची. गेल्या वर्षी मुलगा आणि सून एका मिशनरी संस्थेच्या शिबिराला गेले. आता ते कंबोडियात, नॉम पेन्ह शहरात, तरुणांमध्ये आणि कुटुंबांमध्ये सेवा करण्यासाठी तीन वर्षे जायचे म्हणतात. संस्था पगार देत नाही. मदत देणारी माणसे स्वतःच जमवायची आहेत. पैसे कमी पडले तर उंड्रीचा फ्लॅट विकण्याचा त्यांचा विचार आहे. मी काही विचारले की मुलगा म्हणतो, "आई, हे पाचारण आहे." नातेवाईक म्हणतात, इथली गरज संपली का? मी अडवले तर देवाच्या कामाच्या आड येईन काय? आणि न अडवले, तर नातवंडांचे व आम्हा दोघांचे काय?
— एक आई, वानवडी

उत्तर :

ताई, सप्रेम सलाम.

आपले पत्र मी एकापेक्षा अधिक वेळा वाचले. अडवायचे की गप्प बसायचे, असे दोनच मार्ग आपण स्वतःसमोर ठेवले आहेत, आणि मला ते दोन्ही पटत नाहीत. छत्तीस वर्षांच्या, संसारी मुलाला अडवण्याचा अधिकार आपल्याकडे राहिलेला नाही. पण त्याला खोलात जाऊन प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र पूर्ण आहे, आणि या बाबतीत तो बजावणे हे आपले कर्तव्यही आहे. त्यांना तिकडे कोण बोलावत आहे, इकडून कोण पाठवत आहे, किती काळासाठी, आणि तिथे काही चुकले तर ते कोणाला जबाबदार असतील, या चार गोष्टींपैकी केवळ काळाचा उल्लेख आपल्या पत्रात आहे. कंबोडिया दूर आहे याच्यापेक्षा उरलेल्या तीन गोष्टी पत्रात नाहीत, याची मला अधिक काळजी वाटते.

प्रथम पाचारणाविषयी, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावण्याविषयी. हा शब्द उच्चारला की आपल्या घरांतून पुढचे बोलणे बंद होते, आणि ते होऊ नये असे शास्त्रच सांगते. बायबलातील प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात बर्णबा आणि शौल यांना परदेशी पाठवले गेले, तेव्हा पवित्र आत्म्याची आज्ञा अंत्युखियाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, सेवा आणि उपास चालू असताना, सर्वांसमक्ष झाली. मंडळीने पुन्हा उपास केला, प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि मगच त्यांची रवानगी केली. एखाद्या तरुणाला शिबिरात झालेली तीव्र जाणीव खोटी असते असे मी मुळीच म्हणत नाही, परंतु तिची पारख मंडळीने करायची असते. आपल्या पत्रात पाळकसाहेबांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, उल्लेख नाही, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचा नाही, ज्या तरुण संघात मुलगा वाढला त्याचाही नाही. जी मंडळी त्याला लहानपणापासून ओळखते, तिला विचारण्याआधी जर एका वर्षाच्या ओळखीच्या संस्थेला होकार दिला गेला असेल, तर तो क्रम उलटा आहे, आणि हे त्याला आपण नि:संकोचपणे सांगावे. देवाला अर्पण केले असे म्हणून आईवडिलांच्या वाट्याचे काढून घेणाऱ्यांना येशूने किती कठोर शब्दांत फटकारले, ते मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान'च्या निमित्ताने आले आहे. तोही उतारा त्याने वाचावा. मात्र तो आपण त्याच्यासमोर शस्त्र म्हणून धरू नये. त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात सुवार्तेसाठी घरदार आणि आईबाप सोडणाऱ्यांना दिलेले वचनही आहे, आणि मुलगा ते आपल्याला लगेच दाखवील.

नातेवाइकांचा प्रश्न मी फारसा मनावर घेणार नाही. 'इथली गरज संपली का' हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती जण इथल्या गरजेसाठी दर शनिवारी दोन तास देतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. हा तर्क अमेरिकेतल्या बोस्टनच्या मिशनवाल्यांनी मानला असता, तर सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईला आल्याच नसत्या. अविवाहित अमेरिकन स्त्रीने मिशनरी म्हणून समुद्रापार जाण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रसंग होता. त्या मराठी शिकल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. अहमदनगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, हे आपल्या पुण्याच्या इतिहासाचा भाग आहे. आणि हा प्रवाह केवळ गोऱ्यांकडून आपल्याकडे असाच वाहिला असेही नाही. 1903 मध्ये तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःची मिशनरी सोसायटी काढली. 1905 च्या नाताळात सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तिचा आग्रहच असा होता की माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीय असावा. या दोन्हींच्या उभारणीत ज्यांचा वाटा होता ते व्ही. एस. अझरिया मूळचे तमिळ. ते दोर्नकलला तेलुगू लोकांत गेले, तेलुगू शिकले आणि 1912 मध्ये अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. तेव्हा पुण्याच्या मराठी कुटुंबाने दुसऱ्या देशात सेवेला जाणे यात वावगे असे काही नाही.

याच अझरियांनी 1910 मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत पाश्चात्त्य मिशनऱ्यांसमोर उभे राहून सांगितले होते की तुम्ही आमच्यासाठी धन दिले, देहही झिजवले, पण आम्हाला मित्र हवे आहेत. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना ते झोंबले. आपल्या मुलासुनेने आता नेमके या वाक्यापाशी थांबून विचार करावा, कारण यावेळी ते ऐकवणाऱ्यांच्या रांगेत नसून ज्यांना ते ऐकवले गेले त्यांच्या रांगेत बसणार आहेत.

कंबोडिया हा देश कोणता आहे हेही पाहिले पाहिजे. 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत तिथे सुमारे 15 ते 20 लाख माणसे मेली. भिक्षू, शिक्षक, डॉक्टर यांच्याबरोबरच तेथील लहानशी ख्रिस्ती मंडळीही जवळजवळ नाहीशी झाली आणि नॉम पेन्हचे कॅथलिक कॅथेड्रल पाडून टाकण्यात आले. उघडपणे उपासना करण्याची मुभा पुन्हा मिळाली ती 1990 च्या सुमारास. 1993 च्या राज्यघटनेनुसार बौद्ध धर्म हा राज्याचा धर्म आहे. इतर धर्मीयांना उपासनेचे स्वातंत्र्य आहे, पण घरोघर जाऊन प्रचार करण्यावर सरकारने निर्बंध घातलेले आहेत. म्हणजे तिथली मंडळी वयाने तरुण आहे, ती ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्याच, लोकांनी फार मोठी किंमत देऊन पुन्हा उभी केली आहे, आणि तिचे स्वतःचे पाळक व पुढारी आहेत. त्यामुळे मुलाला विचारायचा पहिला प्रश्न असा की नॉम पेन्हमधील कोणत्या ख्मेर मंडळीने त्यांना बोलावले आहे? त्या पाळकांशी त्याचे स्वतःचे बोलणे झाले आहे का, की सगळा पत्रव्यवहार तिसऱ्याच देशातल्या कार्यालयाशी चालू आहे? ज्या कामासाठी ते जात आहेत ते आज कोण करत आहे, आणि ही दोघे निघून आल्यावर ते कोण करणार? या प्रश्नांना नावानिशी उत्तरे मिळाली, तर माझी अर्धी काळजी मिटेल. "तिथे खूप गरज आहे" एवढेच उत्तर आले, तर मात्र संस्थेला तिथली माणसे माहीत नाहीत असे समजावे.

आता कामाच्या स्वरूपाकडे येतो. तरुणांमध्ये सेवा म्हणजे प्रत्यक्षात बहुधा इंग्रजीचे वर्ग, फुटबॉल, गाणी, सुट्टीतील बायबल शाळा, संगणकाचे शिक्षण आणि संध्याकाळच्या गप्पा. यांतले काहीही हलके नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपले म्हणणे ऐकून घेणारा एखादा मोठा माणूस भेटणे ही फार मोठी गोष्ट असते. परंतु हे काम जोडलेल्या माणसावर उभे असते, आणि तो माणूस उठून गेला की मूल मागे राहते. कंबोडियाला या बाबतीत कटू अनुभव आहे. तिथे परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर अनाथाश्रम वाढत गेले, आणि पाहणी झाली तेव्हा असे दिसले की त्यांतल्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात होते; गरिबीमुळे आणि शिक्षणाच्या आशेने त्यांनी मुले तिथे ठेवली होती. परदेशातून स्वयंसेवक येत, आठवडा-दोन आठवडे मुलांना कडेवर घेत, फोटो काढत आणि जात. पुढच्या आठवड्यात नवे लोक येत. आज तिथले सरकार आणि बालहक्काचे काम करणाऱ्या संस्था मुलांना शक्य तितके त्यांच्या घरी परत नेण्यावर भर देत आहेत. आपल्या मुलाची संस्था अशी निवासी गृहे चालवत असेल, तर त्यातली किती मुले खरोखर निराधार आहेत आणि बाकीच्यांना घरी पोचवण्यासाठी काय केले जाते, हे त्याने लेखी विचारावे. कुटुंबांमध्ये सेवा करायची असे म्हणत कुटुंबातून मूल बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेला हातभार लावणे, यासारखा विरोधाभास दुसरा नाही.

तीन वर्षांच्या मुदतीबद्दलही मला शंका आहे. ख्मेर भाषेची लिपी दक्षिण भारतातील लिपीपासून निघालेली असल्यामुळे तिचा क, ख, ग हा क्रम आपल्या नातवाला ओळखीचा वाटेल, पण स्वर फार अवघड आहेत, आणि दुभाष्याशिवाय एखाद्या आईचे घरातले दुःख ऐकून घेण्याइतकी भाषा यायला दीड-दोन वर्षे मन लावून शिकावे लागते. मग उरते एक वर्ष. म्हणून माझे मत असे आहे की जायचे असेल तर अधिक वर्षांच्या तयारीने जावे आणि पहिली दोन वर्षे भाषा व मंडळी शिकण्यात घालवावीत. किंवा तीनच वर्षे द्यायची असतील, तर तेथील ख्मेर कार्यकर्त्यांच्या हाताखाली एखादे मर्यादित काम घ्यावे. मुलगा संगणकातला, सून प्राथमिक शिक्षणातली. स्थानिक शिक्षिकांना प्रशिक्षण देणे किंवा मंडळीच्या शाळेचा कारभार संगणकावर आणून तो तिथल्याच दोन तरुणांना शिकवणे, ही कामे तीन वर्षांत नीट होऊ शकतात आणि ते परतल्यावरही चालू राहतात. असे काम साक्षीच्या सभेत सांगायला फारसे रंगत नाही, हे मला मान्य आहे.

यापुढचा मुद्दा आपल्या मुलाला कदाचित रुचणार नाही, पण तो मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. बौद्ध घरातला सोळा वर्षांचा मुलगा यांच्या सहवासात येऊन बाप्तिस्मा मागू लागला, तर हे दोघे काय करतील? आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्याची कल्पना नव्हती. पुढे काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली, मुलाची ओढाताण झाली, माहेरच्या माणसांना लोकांचे बोल ऐकावे लागले. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या घराची घडी बसली. टिळक तर प्रौढ होते, विद्वान होते, आपला निर्णय कोणाहीपुढे मांडू शकत होते. सोळा वर्षांच्या मुलाला जेवायला आणि झोपायला त्याच घरात परत जायचे असते. त्यामुळे अल्पवयीन मुलाशी धर्माविषयी जे काही बोलायचे, ते त्याच्या आईवडिलांना माहीत असले पाहिजे आणि त्यांची संमती असली पाहिजे. बाप्तिस्म्याचा निर्णय सज्ञान झाल्यावर, आणि तोही ख्मेर पाळकांच्या मार्गदर्शनाखाली व्हावा. आणि घर तुटणार नाही यासाठी त्या घराशी वर्षानुवर्षे संबंध ठेवण्याची तयारी असावी. कुटुंबांची सेवा म्हणतात ती हीच, आणि ती वर्गातल्या गाण्यांपेक्षा कितीतरी अवघड आहे.

याला लागूनच मदतीचा प्रश्न येतो. 1876 आणि 1896 च्या दुष्काळांनंतर जी कुटुंबे मिशनच्या आश्रयाला आली, त्यांच्या नातवंडांनासुद्धा 'पोटासाठी धर्म बदलला' हा टोमणा ऐकावा लागला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत ही आठवण आहे. मिशनने तेव्हा जीव वाचवले, हे खरेच. तरी श्रद्धा आणि अन्न एकाच दारातून वाटले गेले की श्रद्धेवर कायमचा संशय राहतो. इंग्रजीचा वर्ग किंवा तांदळाची मदत उपासनेला येणाऱ्यालाच मिळते अशी तिथे पद्धत असेल, तर आपल्या मुलाने त्या कामाला हात लावू नये. ज्यांनी हा टोमणा सोसला त्यांच्या वंशजांनी तो दुसऱ्या देशातल्या कोणावर येऊ देऊ नये.

बालसुरक्षेविषयी थोडक्यात लिहितो, कारण यात दुमत नसावे. संस्थेकडे मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी धोरण आहे का, नव्या सेवकांचे पोलीस पडताळणी प्रमाणपत्र मागितले जाते का, कोणीही प्रौढ एकटा एका मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही असा नियम आहे का, तक्रार झाली तर ती संस्थेच्या बाहेर कोणाकडे जाते, आणि देणगीसाठी मुलांची छायाचित्रे वापरण्यावर बंधन आहे का? आपल्याकडे 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. सून शिक्षिका असल्यामुळे तिला हे ठाऊक असणारच. संस्थेने मागितले नाही म्हणून पासपोर्ट कार्यालयातून पोलिसांचे प्रमाणपत्र काढायचे टाळू नये. हे प्रश्न विचारल्याबद्दल संस्थेने 'तुमचा विश्वास कमी आहे' असे म्हटले, तर माझ्या मते तिथेच थांबावे.

आता आपल्या नातवंडांकडे. नात पाच वर्षांची आहे; ती भाषा उचलील, मैत्रिणी जमवील, तिची मला काळजी वाटत नाही. नातू अकरा वर्षांचा आहे, म्हणजे तीन वर्षांनी परत येईल तेव्हा तो चौदा वर्षांचा, नववीच्या उंबरठ्यावर असेल, आणि आपल्या बोर्डाच्या दहावीकडे जाणारा रस्ता त्याला अर्ध्यातून पकडावा लागेल. तिथे तो कोणत्या शाळेत जाणार, तिथला अभ्यासक्रम इथे मान्य होईल का, फी किती, मराठी आणि हिंदी कोण शिकवणार, याचे उत्तर निघण्याआधी हवे. मिशनऱ्यांच्या मुलांचा इतिहास फारसा सुखाचा नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे काम करणाऱ्या अमेरिकन कुटुंबांनी सहा-सात वर्षांची मुले जहाजाने मायदेशी नातेवाइकांकडे पाठवली आणि त्यांतल्या काहींना आईबाप पुन्हा दिसलेही नाहीत. पुढे ही ताटातूट टाळण्यासाठी डोंगरांवर निवासी शाळा निघाल्या, 1901 मध्ये कोडाईकॅनॉलला निघालेली शाळा त्यांपैकीच. तिथली मुले चांगली शिकली, पण वर्षातले बरेच महिने ती आईवडिलांशिवाय वाढली. आपल्या नातवाला कोणी विचारले आहे का? त्याचा शब्द शेवटचा असावा असे नाही, परंतु अकरा वर्षांच्या मुलाला कुटुंबाच्या प्रार्थनेत 'आपण जाणार आहोत' असे सांगणे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्याची आजी आहात आणि शाळा चालवलेली आहे. हे संभाषण आपल्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. मात्र त्याला आपल्या बाजूचा साक्षीदार करू नका.

पैशांबाबत माझा सल्ला अगदी स्पष्ट आहे : फ्लॅट विकू नये. तो भाड्याने द्यावा. त्या भाड्यातून आरोग्यविम्याचे हप्ते आणि इथल्या गरजा भागतील, आणि तीन वर्षांनी परत आल्यावर डोक्यावर छप्पर असेल. पाठिंबा जमवून सेवा करणे ही जगभर रूढ असलेली पद्धत आहे आणि तीत लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त निघण्यापूर्वी निदान वर्षभराच्या खर्चाची तरतूद आणि पुढच्या दोन वर्षांची लेखी आश्वासने हातात असावीत. मदत देणारे इथलेच असतील, तर कायद्याच्या दोन गोष्टी त्यांनी लक्षात घ्याव्यात. व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, पण ही सवलत ट्रस्टला नाही. आणि धर्मादाय ट्रस्टने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केले, तर आयकरातील सूट परवानगीशिवाय मिळत नाही. म्हणजे मंडळीच्या खात्यातून दरमहा नॉम पेन्हला पैसे जातील असे जर ठरत असेल, तर खजिनदारांनी आधी सनदी लेखापालांना विचारावे. हेतू चांगला असूनही मंडळीच अडचणीत येईल असे होऊ नये. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्यविमा योजना परदेशातील उपचारांना लागू नसतात, तेव्हा चौघांचा तिथला विमा हा खर्चाच्या यादीत अगदी वर असावा. एक पर्याय मुलाने गंभीरपणे तपासावा : बायबलातील अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य तंबू बनवून पोट भरत आणि घरात मंडळी जमवत. संगणकाचे काम जाणणाऱ्या माणसाला नॉम पेन्हमध्ये रीतसर नोकरी धरून उरलेला वेळ मंडळीला देणे शक्य आहे का, हे त्याने पाहावे. त्यात कोणापुढे हात पसरावा लागत नाही, आणि "तुम्हाला यासाठी पैसे मिळतात ना" या प्रश्नाला चांगले उत्तरही मिळते.

व्हिसा ज्या कामासाठी घेतला तेच काम करावे, एवढेच सांगतो. पर्यटक म्हणून जाऊन सेवा करणे हे अप्रामाणिक आहे आणि त्याचा भुर्दंड तिथल्या यजमान मंडळीला बसतो. 'मग आधी नेपाळला जाऊ, तिथे व्हिसाच लागत नाही' असाही एक सल्ला आपल्याकडे तरुणांना सर्रास दिला जातो, म्हणून लिहून ठेवतो की नेपाळच्या 2015 च्या घटनेने आणि त्यानंतरच्या दंडसंहितेने कोणाचे धर्मांतर घडवून आणणे हा गुन्हा ठरवला आहे. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढले जाते.

शेवटी आपण दोघे. ताई, यजमानांचा मधुमेह आणि बायपास आपण पत्राच्या सुरुवातीला लिहिलेत, पण त्यांना स्वतःला काय वाटते याचे एक वाक्यही त्यात नाही. ते कदाचित बोलत नसतील, किंवा कदाचित त्यांचे मत आपल्याहून वेगळे असेल. त्यांना प्रथम विचारा. त्यानंतर मुलाशी बोलताना 'आमचे कसे होणार' असे मोघम बोलण्यापेक्षा नेमके बोलावे : रात्री छातीत दुखू लागले तर रुग्णालयात कोण नेणार, तीन महिन्यांच्या तपासण्यांना कोण बरोबर येणार, बँकेची आणि घराची कामे कोणाच्या सहीने होणार, आणि कठीण वेळ आली तर विमानाच्या तिकिटाचे पैसे कोणत्या खात्यात बाजूला ठेवलेले असतील. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात काय म्हटले आहे, ते मुलाला ठाऊक असणार. त्यामुळे ही मागणी स्वार्थाची आहे असे समजून संकोचू नका. आणि या सर्व गोष्टींची व्यवस्था झाल्यानंतरही मन जाऊ द्यायला तयार नसेल, तर ते दुःख आहे, आक्षेप नव्हे. ते त्याला दुःख म्हणूनच सांगा. "मला तुझ्याशिवाय करमणार नाही" हे वाक्य आईने म्हणावे. त्याला 'देवाची इच्छा नसेल' असे रूप देऊ नये.

पुढचे पाऊल म्हणून मी असे सुचवीन. मुलाने व सुनेने पाळकसाहेबांची वेळ घ्यावी आणि आपण दोघांनीही त्या भेटीला जावे. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत मिशनकार्याचा अभ्यास शिकवला जातो. ही संस्था 1983 मध्ये यवतमाळहून पुण्याला आली आणि तिथे देशोदेशी काम केलेली माणसे येत-जात असतात. अशा एखाद्या अनुभवी दांपत्याशी, शक्यतो मुले बरोबर घेऊन परदेशी राहिलेल्यांशी, यांची गाठ घालून द्यावी. संस्थेला वर लिहिलेले प्रश्न मुलाने पत्राने विचारावेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत चौघांनी स्वतःच्या खर्चाने नॉम पेन्हला जाऊन यावे, कोणताही कार्यक्रम न करता, फक्त त्या ख्मेर मंडळीबरोबर उपासनेला बसण्यासाठी, शाळा पाहण्यासाठी आणि तिथल्या पाळकांचे ऐकण्यासाठी. नोकरीचा राजीनामा त्यानंतर द्यावा. कंपनी बिनपगारी रजा देत असेल तर पहिल्या वर्षासाठी तीच मागावी. संस्थेकडून लेखी उत्तरे येईपर्यंत फ्लॅटच्या दलालाशी बोलणे थांबवावे, आणि तसे कबूल करून घेण्यासाठी आपल्याला मुलाशी भांडावे लागले, तर तेवढे एक भांडण करावे.